मधली पंधरा वर्षं

दादा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून हौसेनं केलेला. मधोमध दादांचा फोटो, तोही आधार कार्डावरचा मोठा केलेला, त्यामुळे कुणी एकदम हाक मारल्यासारखे दादा दचकून बघताहेत. मागे रणगाडा. वर दोन लढाऊ विमानं धूर सोडत निघालेली. खाली ‘वीर जवान अमर रहे’, आणि त्याखाली शोकाकुल म्हणून अठरा जणांचे पासपोर्ट फोटो, त्यातल्या चौघांना मी ओळखते.

पोरांना मी काही बोलले नाही. माया होती त्यात. पण दादा पायदळातले. रणगाड्यात ते कधी बसले नाहीत आणि विमानात उभ्या जन्मात चढले नाहीत. तेही सोडा. मला सलत राहिलं ते वेगळंच. एवढ्या मोठ्या फ्लेक्सवर भाताची एक काडी नव्हती.

मी नवी मुंबईत घणसोलीला राहते, लग्न होऊन आले तेव्हापासून. माहेर मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्यानं टोकावड्याच्या अलीकडं. वडलांना आम्ही दादा म्हणायचो, कारण आत्या आणि काका त्यांना दादा म्हणायचे आणि लहानपणी कानावर तेच पडलं. आमच्याकडे बापाला अरे-तुरेच करतात. मीही शेवटपर्यंत ‘दादा, तू जेवलास का’ असंच विचारलं. लिहायला बसले की मात्र हात आपोआप ‘ते’ लिहितो. शाळेचा परिणाम, दुसरं काय.

तेराव्याला भाषणं झाली. एका पुढाऱ्यानं सांगितलं, चीननं 1962 साली आक्रमण केलं आणि ते ऐकून या भूमिपुत्राचं रक्त सळसळलं. माझ्या शेजारी बसलेली आत्या तोंडाला पदर लावून हसली. रडत होती आणि हसत होती. तिला खरं माहीत होतं. दादा फौजेत गेले ते बत्तीस ग मुळे.

आता हे बत्तीस ग काय ते सांगायला हवं, कारण माझ्या मुलांनाही मला ते सांगावं लागलं. आम्ही कुळं. म्हणजे जमीन कसायची आम्ही आणि सातबाऱ्यावर नाव कल्याणच्या एका मालकाचं. आज्याच्या बापापासून हीच रीत. 1948 साली मुंबई कुळवहिवाट कायदा झाला, पुढे त्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं त्या जमिनीचा खरेदीदार मानला गेला. ‘कसेल त्याची जमीन’ हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. पण जमीन फुकट मिळालेली नव्हती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. शेतजमीन न्यायाधिकरणापुढं कुळाला बोलवायचं, घ्यायची आहे का विचारायचं आणि किंमत ठरवायची, ते कलम 32 ग. किंमत आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, वीस पट ते दोनशे पट यांमध्ये कुठंतरी. एकदम द्यायची, नाहीतर वर्षाला एक असे जास्तीत जास्त बारा हप्ते, वर साडेचार टक्के सरळ व्याज. सगळे पैसे भरले की जो दाखला हातात पडतो तो 32 म चा. आणि हप्ते थकले तर खरेदीच निष्फळ.

आज्याच्या नावावर पावणेतीन एकर भाताची खाचरं आणि थोडं वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. किंमत ठरली 612 रुपये. बारा हप्ते, म्हणजे वर्षाला 51 आणि वर व्याज. आज ही रक्कम मी घणसोलीच्या मंडईत एका पिशवीत घालून आणते. पण तेव्हा आमच्या घरात पैसा हा प्रकारच नव्हता. भात होतं. भातावर मीठ यायचं, भातावर लुगडं यायचं, भातावर न्हावी दाढी करायचा. रोख 51 रुपये आणायचे कुठून? आजा म्हणे दोन रात्री ओटीवर नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी दादा कल्याणला गेले. तिथं फौजेची भरती चालू होती, आणि चीनच्या लढाईनंतर माणसं हवीच होती. छाती भरली, उंची भरली. जन्मतारीख विचारली तर ती कुणाला माहीत! ‘आवणी चालली व्हती तवा’, म्हणजे भाताची रोपं लावत होते तेव्हा, एवढंच आजीनं सांगितलेलं. लिहिणाऱ्यानं 1 जून 1943 टाकून दिलं. दादा हे दर वर्षी सांगायचे, ‘एक जूनला कुठं आवणी असते रं? राबात पेरणी तरी असते का धड?’ फौजेनं केलेली पहिली चूक म्हणून हे त्यांनी कधी माफ केलं नाही.

जानेवारी 1963 मध्ये ते बेळगावला गेले, मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात. तिथून जंगी पलटणीत. ही पहिली मराठा, 1768 साली उभी राहिलेली. दर वर्षी जानेवारीत मनीऑर्डर यायची आणि आजा ती घेऊन तशीच मुरबाडला चालत जायचा. पोस्टमन आला की गल्लीतली पोरं मागं मागं, पण आजा त्यातला एक पैसा घरात ठेवायचा नाही. मनीऑर्डरीच्या पावत्या आणि हप्त्याच्या पावत्या एकाच दाभणात ओवलेल्या मला ट्रंकेत मिळाल्या. एकाआड एक. पोस्टाची, तहसीलची, पोस्टाची, तहसीलची.

त्याच ट्रंकेत पत्रंही होती. आईला लिहितावाचता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. लग्न 1966 चं. दादांचं पत्र आलं की शाळेतले गुरुजी संध्याकाळी ओटीवर बसून मोठ्यानं वाचायचे आणि आजा, आजी, काका, आत्या, शेजारचे दोघंतिघं ऐकायचे. आई चुलीपाशी. अशा पत्रात नवऱ्यानं बायकोला काय लिहायचं? म्हणून दादा गायीबद्दल लिहायचे. ‘कपिलेला जपा. कपिलेला थंडीत बाहेर ठेवू नका. कपिलेची फार आठवण येते. कपिलेला म्हणावं, चैताच्या महिन्यात सुट्टी मिळेल असं वाटतं.’ गुरुजी गंभीरपणे वाचायचे आणि आजा मान डोलवायचा. मी आईला विचारलं, आपली कपिला कशी होती गं दिसायला? आई ट्रंकेतले कपडे घड्या घालत होती. म्हणाली, ‘आपल्याकडं कुठं गाय व्हती तवा.’ आणि घड्या घालत राहिली.

लढाईबद्दल ते बोलायचे, पण ऐकणाऱ्याला हवं ते नाही. एकाहत्तरच्या बांगलादेशच्या लढाईत जंगी पलटण पूर्वेला, जमालपूरला. हे मी नंतर वाचून जुळवलं. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच पलटण पक्के मोर्चे बांधून बसलेली. आपल्या लोकांनी ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं जायचं आणि टांगाईलकडं जाणारा रस्ता अडवायचा, असा बेत. ब्रिगेडच्या साहेबांनी आत पत्र पाठवलं, शरण या म्हणून. तिकडच्या कर्नलनं उत्तर पाठवलं आणि त्यात एक गोळी गुंडाळून दिली. मग 10 आणि 11 डिसेंबरच्या मधल्या रात्री बलुचांनी त्याच रस्त्यानं फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला, आणि समोर ही मंडळी.

ही गोष्ट मी मुलांना सांगितली तेव्हा त्यांचे डोळे मोठे झाले. ती दोघं दादांना विचारायला गेली. ‘आजोबा, रात्री काय झालं?’ दादा म्हणाले, ‘खंदक खणले. काय माती रे ती! लोण्यासारखी. फावडं घातलं का हातभर खाली, एक खडा लागत नाय. आपल्याकडं कुदळ मारली का ठिणगी. खणता खणता वाटलं, ह्या जिमिनीला खत तरी काय घालीत असतील?’ मुलं हिरमुसून परत आली.

माझ्याजवळ एकदाच निराळं बोलले. मी आठवी-नववीत असेन. भात कापल्यावर खाचरात जे खुंट राहतात, त्यावरून अनवाणी चालत होते आणि पायाला लागलं म्हणून ओरडले. दादा भारा बांधत होते. न बघता म्हणाले, ‘तिकडं एक पोरगा पडला व्हता सकाळी. बलुची. खुंट धरलेला मुठीत, असा, उपटाया धरल्यासारखा.’ पुढे काही बोलले नाहीत. गाठ मारली, भारा डोक्यावर घेतला आणि निघाले. नोव्हेंबरात खाचर बघितलं की मला अजून तेच दिसतं, आणि मी तर तिथं नव्हतेही.

16 डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. पलटण त्या मुलखात असताना दादांनी एका म्हाताऱ्याच्या खळ्यावर भात बघितलं. डिसेंबर चालू आणि भात आत्ता मळतायत, याचंच त्यांना नवल. लोंबी केवढी लांब, दाणा कसा बारीक. खुणांनी मागितलं. म्हाताऱ्यानं दोन ओंजळी दिल्या. दादांनी त्या एका मोज्यात बांधल्या आणि पुढच्या सुट्टीत तो मोजा गावाला आला. शेजारपाजारचे विचारायला आले, लढाईतून काय आणलंस? मोजा.

ते भात त्यांनी जून 1972 ला राबाच्या, म्हणजे रोपं टाकायच्या तुकड्याच्या, एका कोपऱ्यात पेरलं, आज्याच्या स्वाधीन केलं आणि पलटणीत परत गेले. बहात्तरचं साल! महाराष्ट्र अजून त्याचं नाव काढतो. आज्यानं तरी ते आवण एका बऱ्या खाचरात लावलं. वाढलं म्हणे छातीएवढं. आमचं लवकर येणारं हळवं भात पिवळं पडलं, कापलं, आणि हे आपलं हिरवंगार उभं. फुलेना. दसरा गेला, दिवाळी आली, खाचरातलं पाणी कधीच आटलेलं. शेवटी फुललं तेव्हा जमिनीला भेगा. पळंज निघालं सगळं, आत दाणाच नाही. आज्यानं कापून बैलांना घातलं आणि पत्र लिहवून घेतलं, ‘तुझं ढाक्याचं भात तांबड्यानं खाल्लं.’

दोष बियाण्याचा का सालाचा, यावर बापलेकांत आजा मरेपर्यंत वाद चालला. आजा म्हणायचा बियाणं परकं. दादा म्हणायचे सालच तसं होतं. आता शेतीची माहिती चाळताना मला कळतं की आजाच बरोबर होता. बंगालचं ते अमन भात, दिवस लहान होत गेल्याशिवाय फुलत नाही. आपल्या हिशेबात उशिरा येणाऱ्या गरव्याहून गरवं. त्याला तिकडची ओल लागते, पाऊस सरल्यावरही टिकणारी. आमच्या उताराच्या खाचरांत तो दम नाही. हे मी दादांना समजावून सांगितलं, पाच-सहा वर्षांपूर्वी. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘एक वरीस पुन्ना बघाया पायजे व्हता.’

शेवटचा हप्ता 1974 ला गेला, मी जन्मले त्या साली. पुढच्या वर्षी 32 म चा दाखला मिळाला. दादांची पंधरा वर्षं जानेवारी 1978 ला भरली. नाईक होते. हवालदारीचा पट्टा समोर दिसत होता, साहेबांनी थांब म्हटलं होतं. पेन्शनीपुरती पंधरा भरली त्याच महिन्यात निघून आले. पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा असते आमच्याकडे, बैलांचा मोठा बाजार. घरी पोचल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर जत्रेला जाऊन डांगी बैलांची जोडी घेतली. आई म्हणते, मला नीट बघितलंही नव्हतं अजून. गॅरिसनमधून बायकोला आणतात तशी साडी वगैरे काही नाही. बैल.

फौजेतलं काय राहिलं त्यांच्यात? पहाटे चार. बिनसाखरेचा चहा मगात. शर्टाचं बटण तुटलं तर स्वतः शिवायचे, सुईदोऱ्याची पलटणीतली पिशवी अजून आहे. आणि राब भाजणी. राब म्हणजे जिथं रोपं टाकायची तो तुकडा आधी भाजून काढायचा. खाली शेणाचा थर, त्यावर ऐनाचा टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, सगळ्यावर बारीक मातीचा पातळ थर. फाल्गुन-चैत्रात भाजतात. लोक काडी लावतात आणि घरी जातात. दादा नाही. आधी बोट ओलं करून वारा बघायचे. मग वारा जिकडे चाललाय त्या टोकाकडून पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याच्या उलटी, सावकाश सरकते आणि माती आतपर्यंत भाजते, तणाचं बी मरतं. चार कोपऱ्यांवर आम्ही चार पोरं उभी, प्रत्येकाच्या हातात ओल्या निरगुडीची फांदी. हलायचं नाही. बसायचं नाही. ‘कोपरा सोडला तर आग तितूनच जाणार.’ माझा धाकटा चुलतभाऊ एकदा शू करायला गेला आणि नेमकं तिथूनच शेजाऱ्याचं कुंपण पेटलं. दादांनी त्याला मारलं नाही. शेजाऱ्याकडं नेऊन उभं केलं आणि आठ दिवस त्याच्याकडून करवंदीच्या काट्यांचं नवीन कुंपण घालून घेतलं.

चांगलंच सगळं सांगत बसले तर दादा फ्लेक्सवरचे होतील. माझी मोठी बहीण सातवीनंतर शाळेतून काढली. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे गुरुजीही म्हणायचे. त्या पावसाळ्यात आईचा पाय मोडला, आवणीला हात कमी पडले. दादा म्हणाले यंदाचं वर्ष. ते वर्ष संपलंच नाही. तीन वर्षांनी तिचं लग्न झालं. मी दहावी झाले, कल्याणला बारावी झाले, पुढे नोकरीला लागले, आणि दादा गावात छाती काढून सांगायचे की माझी पोरगी कंपनीत हापिसात बसते. ताई तिथंच चहा ओतत असायची. तिनं कधी काही म्हटलं नाही. दादांनीही कधी नाही. दर दिवाळीला पहिली भाऊबीज, पहिलं नवं भात तिच्या घरी जायचं, माझ्याकडं नंतर. त्याचा अर्थ काय तो तिनं लावला असेल.

घणसोलीला दादा वर्षातून एकदा यायचे, नोव्हेंबरात. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि मुरबाडपेक्षा माझ्याकडं सोपं पडतं असं मी पटवलेलं. एसटीनं कल्याण, तिथून लोकलनं ठाणं, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी. पायाशी तांदळाची गोणी. गाडीत कुणी पाय लावला तर म्हणायचे, ‘बाबा, अन्न हाय.’

दाखल्यासाठी यंत्रावर अंगठा ठेवायचा असतो. दादांचा उमटायचा नाही. साठ वर्षं बांध, दोर, नांगराची मूठ, त्या अंगठ्यावर रेषा राहिल्याच नव्हत्या, नुसतं गुळगुळीत कातडं. केंद्रावरच्या मुलानं ओला करून बघितला, पुसून बघितला, तेल लावून बघितलं. दहाही बोटं झाली. यंत्र आपलं लाल. शेवटी त्या मुलानं सांगितलं, आता चेहऱ्यावरूनही होतं, मोबाइलकडं बघा आणि डोळे मिचकावा. दादांनी माझ्याकडं बघितलं. ‘काय करू?’ ‘डोळे मिचकाव, दादा. जिवंत आहेस हे दाखवायला.’ ते ताठ बसले. कॅमेऱ्याकडं रोखून बघायला लागले, जसं फोटोसाठी बघायचं असतं तसं, पापणीसुद्धा न हलवता. चार वेळा फसलं. पाचव्यांदा मी त्यांच्या पाठीवर हळूच चापट मारली तेव्हा दचकून मिचकावले आणि सरकारला पटलं.

ते काम झालं की दोन दिवस राहायचे आणि खाडीच्या बाजूला चालत जायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, ‘हितं पैलं काय पिकायचं?’ मला काय माहीत! वीस वर्षं राहते, कधी विचार केला नव्हता. मग बागेत त्यांना घणसोली गावठाणातले एक आगरी बाबा भेटले, त्यांच्याच वयाचे. त्यानंतर दर वर्षी त्यांचा बाक ठरलेला. त्या बाबांनी सांगितलं, इथं खारं भात व्हायचं. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध, बांध फुटला की वर्ष बुडालं. रोपं लावायची नाहीत, बियाणं भिजवून मोड आणायचे आणि चिखलात फेकायचं, रहू म्हणतात त्याला. भाताचं नाव राता, तांबडं, खाऱ्या पाण्याला दाद न देणारं. दादा हे ऐकताना लहान मुलासारखे पुढे सरकून बसले होते. बिनआवणीचं भात! कमरेचा काटा ढिला न होता भात!

मग आगरी बाबांनी जमिनीचं सांगितलं. 1970 ला सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या, यांचं खाजण आणि भाताची शेती त्यात गेली. लढून लढून पुढे साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, त्यावर आता बिल्डिंग आहे, पोरं भाडं खातात. ‘बरा हाय आमचा,’ ते म्हणाले. दादा गप्प. मी हिशेब केला, तर ज्या वर्षांत हे बाबा जमिनीच्या नोटिसा घेत होते, त्याच वर्षांत आजा मुरबाडला हप्ते भरत होता. दादांनीही तो केला असावा, कारण ते बराच वेळ समोरच्या टॉवरांकडं बघून म्हणाले, ‘तुमी आमच्याकडं या एकदा. आवणीला या.’ बाबा आले नाहीत, त्यांचे गुडघे गेलेले. पण दादांनी पुढच्या वर्षी त्यांना पाच किलो तांदूळ नेऊन दिला आणि मी वर्षभर ऐकत राहिले की राता भाताचं बी कुठं मिळतं का बघ. ऐंशीला टेकलेला माणूस. खारी जमीन गावात औषधाला नाही.

कुळाच्या जमिनी विकणं 2014 साली सोपं झालं, दाखल्याला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरली की झालं, परवानगीची वाट बघायची नाही. आणि आमच्या दारात गाड्या यायला लागल्या. फार्महाऊसवाले. एकानं अंगणातच आकडा सांगितला. तो आकडा मी इथं लिहीत नाही, पण भावाची मान खाली गेली आणि आईनं चहाचं भांडं खाली ठेवलं. दादांनी त्याला विचारलं, ‘हप्त्यानं देशील? बारा वर्सं?’ त्याला गंमत कळली नाही. तो म्हणाला, नाही काका, एकरकमी, व्हाइटमध्ये. आम्ही सगळे मोठ्यानं हसलो आणि बिचारा गाडीत जाऊन बसला.

दादा कार्तिकात गेले. भात कापून झालेलं, भारे खळ्यावर, उडवी रचायला सुरुवात. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. हयातीचा दाखला त्या वर्षी द्यायचा राहिला होता. मी रजाही टाकली होती.

ट्रंक भावानं आणि मी उघडली. काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. सगळ्यात वर प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत एकात एक घालून 32 म चा दाखला. त्याखाली डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, पावत्यांचं दाभण, पत्रं. तळाशी बूट पॉलिशचा डबा, त्यात बटणं, एक गंजलेला हूक, बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळेची दोन घुंगरं आणि त्यांच्यातच फौजेतली पदकं: ‘पूर्वी स्टार’, संग्राम पदक, रक्षा पदक. मोजा नव्हता. मी शोधला.

आता आईच्या कुटुंब पेन्शनचं. तालुक्याच्या एका बँकेत मी आणि आई तीन वेळा जाऊन आलो. फौजेच्या कागदात आईचं नाव एका काना-वेलांटीनं वेगळं, आधारावर वेगळं, आणि तेवढ्यावर काम अडलं. तिसऱ्या खेपेला नवी मुलगी होती काउंटरला, समजूतदार. तिनं आईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फॉर्म स्वतः भरायला घेतला. अंगठा अर्थातच उमटला नाही. आईही त्याच खाचरांतली.

‘आजी, मिस्टरांचं नाव?’

आईनं माझ्याकडं बघितलं. सत्तावन्न वर्षांत तिनं ते कधी घेतलेलं नाही. मी सांगितलं.

‘आणि काय होते ते?’ मुलीनं पेन टेकवून विचारलं. तिला हुद्दा हवा होता.

‘शेतकरी व्हते,’ आई म्हणाली.

‘नाही हो आजी, ही मिलिटरीची पेन्शन आहे ना.’

आई जरा आठवल्यासारखं थांबली.

‘हां,’ म्हणाली, ‘मधी पंधरा वर्सं नव्हते घरी.’